पिवळी पिन

बाबांनी या दिवाळीत मला तीनदा एकच प्रश्न विचारला. "ते पिवळी वायर कोठी ठेवली रे?" पहिल्यांदा मी नवी वायर जोडून उठलो तेव्हा, दुसऱ्यांदा लक्ष्मीपूजनाच्या रात्री जेवताना आणि तिसऱ्यांदा पाडव्याला सकाळी, अंगणात तोंड धुताना. तिन्ही वेळा मी एकच उत्तर दिलं, "आता तिचं काम नाही बाबा." तिन्ही वेळा ते "हाव" म्हणाले आणि गप्प बसले. बाबा एखादी गोष्ट दुसऱ्यांदा विचारत नाहीत हे मला जन्मापासून माहीत आहे. तरी तिसऱ्यांदाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, कारण त्या चार दिवसांत माझं सगळं लक्ष टीव्हीवरच्या चित्रात होतं.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. दिवाळीत घरी गेलं की मधल्या खोलीत कापूस असतोच. भाव वाढेल म्हणून थांबायचं, तोवर पहिल्या वेच्याचा कापूस घरातच पडून राहतो. यंदाही खिडकीच्या चौकटीपर्यंत गंजी लागली होती. टीव्ही त्याच खोलीत. कापसाची खोली वेगळीच असते. तिथे आवाज घुमत नाही, बोललेलं तिथेच जिरतं, अंगाला बारीक खाज सुटते आणि हवेत सरकीचा तेलकट, उबदार वास भरून राहतो. टीव्ही धाकट्या भावाने दोन वर्षांपूर्वी हप्त्यावर घेतलेला, त्रेचाळीस इंची, फोर-के. त्याच्या खाली लाकडी पेटीवर फ्री डिशचा डबा, आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला रिमोट. धनत्रयोदशीला संध्याकाळी पोचलो, चहा घेतला, बाबांशेजारी बातम्या पाहायला बसलो, आणि पाचव्या मिनिटाला मला राहवेना.

चित्र मळकट होतं. सगळ्यांचे चेहरे संध्याकाळ झाल्यासारखे. चॅनेलच्या लाल अक्षरांच्या कडेने बारीक ठिपके मुंग्यांच्या रांगेसारखे वर सरकत होते. बातम्या देणाऱ्या बाईंनी करवतकाठी नेसली होती. आपल्या भागातलं पातळ, त्याच्या काठाचे ते बारीक दाते माझ्या आजीच्या पातळावर मी लहानपणी बोटाने मोजायचो. इथे ते दाते दिसतच नव्हते. काठाच्या जागी इंद्रधनुष्याचा एक पट्टा लवलवत होता, त्या हलल्या की जांभळा, थांबल्या की हिरवट. मी टीव्हीच्या मागे डोकावलो. डब्यापासून टीव्हीपर्यंत तीच जुनी लाल-पांढरी-पिवळी पिनांची वायर.

मला या विषयाचं वेड आहे. पुण्यात पहिल्या नोकरीच्या पैशातून डीव्हीडी प्लेअर घेतला तेव्हापासूनचं. त्या प्लेअरच्या पाठीवर इतकी भोकं होती की मी पहिल्या रात्री चित्रपट न पाहता नुसत्या पिना बदलत बसलो होतो. पिवळ्या पिनेची गोष्ट मला तेव्हाच कळली. तिच्यातून अख्खं चित्र एकाच तारेवरून जातं. उजेड किती आणि रंग कोणता, या दोन्ही गोष्टी एकत्र कालवून. आपल्याकडच्या 'पाल' नावाच्या रंगीत टीव्हीच्या पद्धतीत रंगाची माहिती ४.४३ मेगाहर्ट्झच्या लहरीवर बसवतात आणि ती उजेडाच्या माहितीतच मिसळतात. टीव्हीने पलीकडे ती पुन्हा वेगळी करायची. कापसात वाळकी पत्ती मिसळली की काय होतं ते आपल्या लोकांना सांगायला नको. कितीही वेचा, कितीही झटका, थोडी पत्ती कापसात राहते आणि थोडा कापूस पत्तीबरोबर जातो. पिवळ्या पिनेचंही तसंच. काठाचे बारीक दाते म्हणजे झपाट्याने बदलणारा उजेड. तो त्या ४.४३च्या आसपास गेला की टीव्हीला वाटतं हा रंगच आहे, आणि मग काठावर इंद्रधनुष्य उमटतं. रंगातला काही भाग उजेडात राहून जातो, त्याचे ते सरकणारे ठिपके. या तारेचा जन्मच तसा आहे. पिनेला सोन्याचं पाणी दिलं तरी त्यात बदल होत नाही.

पुढे चार काड्यांच्या गोल पिनेची एस-व्हिडिओ वायर मिळाली. तिच्यात उजेड वेगळ्या तारेवर आणि रंग वेगळ्या तारेवर. त्या रात्री एका बाईंच्या चौकडीच्या साडीवरचा रंगांचा खेळ एकदम थांबला आणि मी खोलीत एकटाच "अरे वा" म्हणालो, ते अजून आठवतं. मग हिरव्या-निळ्या-लाल तीन पिनांची कंपोनंट. डीव्हीडीवर रंगाचे दोन भाग मुळातच वेगवेगळे नोंदलेले असतात. ही वायर ते तसेच, न कालवता पोचवते. मला आजही त्या वायरीबद्दल माया आहे. एचडीएमआय येण्याआधीचं माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं सगळ्यात प्रामाणिक चित्र तिचं होतं. गर्द लाल रंग कडेला ओघळत नसे, आणि काळे केस काळेच दिसत.

मग एचडीएमआय आली आणि प्रश्नच बदलला. तिच्यातून चित्र आकड्यांच्या रूपात जातं. एकोणीस काड्यांच्या त्या चपट्या पिनेतून आकडे नीट पोचले तर चित्र जसंच्या तसं. नाही पोचले तर चांदण्यांसारखे ठिपके चमकतात, चित्र मधेच जातं किंवा पडदा काळा होतो. रंग थोडे फिके, कडा थोड्या मऊ असला प्रकार तिच्यात नसतो. म्हणूनच दर्यापूरच्या दुकानात दुसऱ्या दिवशी दुकानदाराने माझ्यासमोर दोन वायरी ठेवल्या, एक दोनशेची आणि एक सोळाशेची, कापडी वेणीची, तेव्हा मी दोनशेची उचलली. "भाऊ, याच्यात रंग खुलतात," तो सोळाशेच्या वायरीवर बोट ठेवून म्हणाला. दीड मीटरमध्ये काही खुलत नाही, हे मी त्याला शांतपणे सांगितलं. त्याला राग आला नाही, पटलंही नाही. वायर पाहायची असेल तर तिच्यातून किती माहिती जाणार आणि किती लांब जाणार एवढंच पाहावं. फुल एचडी चित्राला सेकंदाला साडेचार गिगाबिट पुरतात. साठ चित्रांच्या फोर-केला अठरा गिगाबिटांची प्रीमियम हाय स्पीड वायर लागते, आणि सेकंदाला एकशेवीस चित्रं हवी असतील तर अठ्ठेचाळीसची अल्ट्रा हाय स्पीड. फ्री डिशच्या डब्याला यातलं काही लागत नाही.

लांबीचा धडा मात्र मी पैसे मोजून शिकलोय. पुण्याच्या घरी प्रोजेक्टरसाठी भिंतीतून दहा मीटरची तांब्याची वायर टाकली. फुल एचडीवर उत्तम चालली. फोर-के लावलं की दर दोन-तीन मिनिटांनी पडदा काळा. शेवटी प्लास्टर फोडून काचेच्या धाग्याची वायर टाकली. तिच्या एका टोकावर स्रोत आणि दुसऱ्यावर पडदा असं लिहिलेलं असतं, उलटी लावली तर चित्र येत नाही. आणि तिला जॉइंट मारता येत नाही. ती तुटली की संपली.

गावात लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मी टीव्ही पुढे ओढला, मागचं सगळं सोडवलं, एचडीएमआय जोडली, डब्याच्या मेनूत जाऊन सेटिंग बदललं, वायरी प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधून भिंतीला सरळ केल्या. जुन्या पिवळ्या पिनेच्या मुळाशी एकाची दोन करणारी पिन होती. तिच्या एका तोंडाला टीव्हीची वायर, दुसऱ्याला काळी जाड डिशची केबल, जी मागे कापसाच्या गंजीत शिरत होती. जुन्या डिशची उरलेली असेल, असं मी समजलो. ती काढून गंजीमागे सारली, तिच्याबरोबरची आवाजाची दोन तारी वायरही सारली, आणि ती दोन तोंडांची पिन लॅपटॉपच्या बॅगेच्या कप्प्यात टाकली.

फरक दिसला. अक्षरांच्या मुंग्या गेल्या. चेहऱ्यांवर उजेड आला. अर्थात फ्री डिशवरचे बहुतेक चॅनेल साध्या दर्जाचे, ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचे. फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६० ठिपके. हिशेब केला तर बरोबर वीसपट. म्हणजे येणाऱ्या एका ठिपक्यामागे टीव्हीला एकोणीस ठिपके स्वतःच्या अंदाजाने भरावे लागतात. कुठलीच वायर ते भरू शकत नाही. तरी जे येतंय ते आता स्वच्छ येत होतं. बाबा खुर्ची थोडी पुढे ओढून म्हणाले, "साजरं दिसते." आणि मग लगेच, "ते पिवळी वायर कोठी ठेवली रे?"

मला एक गोष्ट मात्र खटकली होती, आणि तिच्याकडे मी पुरेसं पाहिलं नाही. पिवळ्या पिनेने कडा बिघडतात, रंग ओघळतात, हे मला पाठ आहे. पण पिवळ्या पिनेने चित्र काळवंडत नाही.

टीव्हीचं चित्र आणि बाबा म्हटलं की मला १९८७ची रविवारची सकाळ आठवते. तेव्हा वाडा एकच होता. बाबा आणि त्यांचे मोठे भाऊ, म्हणजे आमचे मोठे बाबा, दोघांचं बिऱ्हाड एका धाब्याखाली, म्हणजे मातीच्या सपाट छताखाली. जानेवारीत दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं आणि त्याच महिन्यात मोठ्या बाबांनी तूर विकून लाकडी शटरची काळी-पांढरी टीव्ही आणली. धाब्यावर लोखंडी पाइप, त्याच्या टोकाला काड्यांचा अँटेना, आणि तिथून खाली येणारी चपटी, दोन तारांची वायर, जिच्या मधला पातळ पट्टा उन्हाने पिवळा पडून तडकायचा. आठ वाजल्यापासून ओसरीत माणसं बसायची, चपलांचा ढीग थेट रस्त्यापर्यंत. आणि वेळेवर हमखास मुंग्या यायच्या. मग मोठे बाबा धाब्यावर चढून पाइप फिरवायचे, बाबा टीव्हीसमोर उभे, आणि मी शिडीवर मधे, दोघांचे निरोप पोचवायला.

"आलं का?"

"नाही. थोडा डाव्या हातानं."

"आता?"

"आवाज आला. चित्र नाही."

"आता?"

"बस. बस. हालू नको दादा. तसाच धरून ठेव."

आणि कितीतरी रविवारी मोठे बाबा खरोखर तसेच, पाइप धरून, धाब्यावर उन्हात उभे राहिले आहेत. खाली गावाने भाग पाहिला, त्यांनी आवाज ऐकला. पाण्याच्या टाकीवर आदळून उशिरा येणारी लहर चित्राशेजारी एक फिकट सावली उमटवायची, त्यामुळे आमच्याकडे प्रत्येक देवामागे दुसरा देव असे. कोणाला त्याचं काही वाटायचं नाही. माझी आजी त्या सावलीलाही हात जोडायची.

१९९६ साली हिस्से झाले. वावराचे झाले, बैलांचे झाले, भांड्यांचे झाले, आणि ओसरीच्या मधोमध विटांची भिंत उभी राहिली. टीव्ही आमच्या वाट्याला आली, अँटेनाचा पाइप मोठ्या बाबांच्या धाब्यावर राहिला. काही महिने ती चपटी वायर नव्या भिंतीतल्या एका भोकातून आमच्याकडे येत होती. मग विहिरीच्या पाण्यावरून बोलणं वाढलं, आणि एका संध्याकाळी बातम्या चालू असताना टीव्हीवर एकदम मुंग्या पसरल्या. बाबा उठले, वायर ओढून पाहिली, तर ती सहज हातात आली. पलीकडून विळ्याने कापलेली होती, कोन करून, साफ. बाबांनी ते टोक बराच वेळ हातात धरलं होतं. मग भोकात एक चिंधी कोंबली. दुसऱ्या आठवड्यात आमचा अँटेना आला. त्यानंतर २०१४ साली मोठे बाबा गेले तोपर्यंत दोघा भावांमध्ये बोलणं झालं नाही. तिरडी उचलताना पुढचा खांदा बाबांनी दिला.

ते भोक नेमकं कुठे होतं, हे मी विसरून गेलो होतो. त्या बाजूला आता कापूस रचतात.

भाऊबीजेच्या संध्याकाळी आईने फराळाचं ताट भरलं आणि म्हणाली, "मोठ्याईले देऊन ये. अन् जरा बसजो तिथं." मोठी आई म्हणजे मोठ्या बाबांची बायको, आमची मोठ्याई. आता पंच्याहत्तरीच्या पुढे. दोन्ही मुलं बाहेरगावी, यंदा कोणी आलं नव्हतं. मी रस्त्याने वळसा घालून तिच्या दारात गेलो. दार उघडंच होतं. आत दिवा लावलेला नव्हता, पण तिच्या चेहऱ्यावर निळा उजेड पडला होता. समोर स्टुलावर एकवीस इंची, पोट सुटलेली जुनी टीव्ही चालू होती आणि तिचा पडदा कोरा निळा होता. वरच्या कोपऱ्यात 'एव्ही' एवढी दोन अक्षरं. मोठ्याई त्या निळ्या पडद्याकडे तोंड करून, पायावर गोधडी घेऊन बसली होती. आणि भिंतीपलीकडून आमच्या टीव्हीचा आवाज येत होता, कापसातून गाळून आलेला, शब्द धड न कळणारा.

"मोठ्याई, चित्र नाही?"

"नाई बाप्पा. दोन-तीन रोज झाले. काही बिघडलं असंल." तिने ताट घेतलं, करंजी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली. "आवाज येते ना. आवाजावरून समजते."

तिने असं म्हटलं आणि मला ती दोन तोंडांची पिन आठवली. पाय जड होणं म्हणजे काय ते तिच्या उंबऱ्यापासून आमच्या उंबऱ्यापर्यंतच्या वळशात कळलं.

घरी आलो, कापसाची गंजी एका बाजूने मोकळी केली. कापूस बाजूला सारताना तो हातात राहत नाही, पुन्हा घसरून येतो, बाहीत शिरतो. काळी केबल भिंतीच्या बुडाशी होती. तिच्या टोकाची पिवळी पिन कोणी तरी हाताने बसवलेली. मधली तार पिनेच्या दांड्याला वळवून डाग दिलेला, वरची जाळी एकत्र पिळून बाहेरच्या कड्याला गुंडाळलेली, आणि त्यावर काळी टेप. टेपचा डिंक उन्हाळ्यांमध्ये वितळून बाहेर आला होता आणि त्यावर कापसाचे तंतू बसून तिला पांढरी लव आली होती. केबल तिथून सरळ भिंतीत जात होती. त्याच भोकात. चिंधी काढून त्या जागी आता सिमेंटचा बोटभर लिंपा होता.

मी तिथेच बसून राहिलो आणि चित्र का काळवंडलं होतं याचा हिशेब मांडला. पिवळ्या सॉकेटातून निघणारा सिग्नल एका टीव्हीसाठी मोजलेला असतो. पलीकडे ७५ ओहमचा एक टीव्ही असेल तर त्याला १ व्होल्ट मिळतो. दोन तोंडांच्या पिनेने दोन टीव्ही जोडले की दोघे मिळून साडेसदतीस ओहम होतात, आणि व्होल्टेज उतरून ०.६७वर येतं. प्रत्येकाचा एक तृतीयांश उजेड जातो. काही टीव्ही तो आतल्या आत सावरून घेतात, हा घेत नव्हता. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी मी ज्या मळकट चेहऱ्यांवर वैतागलो होतो, ते त्या दुसऱ्या टीव्हीमुळे मळकट होते. मी पंचवीस वर्षं वायरींची तुलना करतोय. पिवळीपेक्षा एस-व्हिडिओ बरी, तिच्यापेक्षा कंपोनंट, तिच्यापेक्षा एचडीएमआय, हे मी कोणालाही झोपेतून उठून सांगेन. पण ज्या वायरीला मी शेवटच्या पायरीवर बसवलं होतं, तीच पंधरा-सोळा मीटर लांब जाऊन, हाताने पिळलेल्या जोडावर, भिंत ओलांडून चित्र पोचवत होती. तिथे एचडीएमआय गेलीच नसती. एकोणीस काड्या कोणी भोकातून ओढून पलीकडे टेपने जोडू शकत नाही. आणि डिशची केबल मुळात ७५ ओहमचीच असते, म्हणजे ज्याने ती या कामाला वापरली त्याने घरातली नेमकी योग्य वायर उचलली होती.

ज्याने, म्हणजे बाबांनी. ते दारात येऊन उभे होते.

"कधी टाकली होती बाबा?"

"लॉकडाउनमंधी." थोडं थांबून म्हणाले, "ते रामायण पुन्हा लागलं होतं ना. तिची डिश बंद पडून होती. पोट्टे तिकडं अटकलेले. कोणाच्या घरी जाता येत नव्हतं." मार्च २०२०. मी तेव्हा पुण्यात घरात बसून भिंतीतल्या वायरीचं प्लास्टर फोडायला माणूस मिळत नाही म्हणून चिडचिड करत होतो. "डिशवाल्या पोट्ट्याजवळून पिन आणली. डाग म्याच देल्ला. भोक होतंच."

"मग मला सांगितलं का नाही? तीन दिवस ती..."

"तू एवढ्या मेहनतीनं लावलं." त्यांनी प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधलेल्या वायरींवरून हात फिरवला. "म्हटलं तू हायेस तोवर तुले साजरं पाहू द्या. तू गेल्यावर लावलीच असती म्या. ते पिन सापडत नव्हती फक्त."

म्हणजे मी पुण्याला परतल्यावर त्यांनी माझी नवी वायर काढून पुन्हा ते काळवंडलेलं चित्र घेतलं असतं. काहीही न बोलता, वर्षभर. मोठ्याईनेही तीन दिवसांत येऊन विचारलं नाही. एवढ्या वर्षांत त्या दोघांनी भिंतीला धरून आपला एक व्यवहार बसवला होता आणि त्याचा उच्चार आईजवळही फारसा होत नसावा. आईने मला ताट घेऊन पाठवलं आणि जरा बसायला सांगितलं, ते तिला ठाऊक होतं म्हणूनच, हे मला रात्री अंथरुणावर पडल्यावर कळलं. हिस्से झाले तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. तेव्हापासून त्या भिंतीचा मला राग आहे. विळ्याने कापलेलं ते टोकही मी विसरू शकलेलो नाही. मोठ्या बाबांनी ते का केलं, हे बाबांनी कधी विचारलं नाही आणि आता विचारायला माणूस नाही. मला अजून वाटतं की जिवंतपणी एक केबल इकडून तिकडे गेली असती तर बरं झालं असतं. बाबांनी एवढ्या उशिरा भोक मोकळं केलं याचं मला बरंही वाटतं आणि आतून तुटतंही.

दुरुस्ती दोन मिनिटांची होती. आमच्या डब्यातून एचडीएमआय आणि पिवळं सॉकेट दोन्ही एकाच वेळी चालू राहतात. दोन तोंडांच्या पिनेची गरजच नव्हती. मी काळ्या केबलची पिन थेट पिवळ्या सॉकेटात बसवली, आवाजाची पांढरी पांढऱ्यात. म्हणजे आता पिवळ्या सॉकेटावर एकटी मोठ्याईची टीव्ही, तिला पूर्ण १ व्होल्ट. त्या सकाळी मी केबल गंजीमागे सारली नसती तर तिचं चित्र तेव्हाच, आमच्याबरोबरच, उजळलं असतं. जुनी टेप काढून नवी गुंडाळली. कापसाचे तंतू मात्र डिंकातून निघेनात, ते तसेच आत राहिले.

भिंतीपलीकडे काही क्षण शांतता होती. मग मोठ्याईचा आवाज आला, मोठ्याने, भिंतीला उद्देशून.

"भाऊजी! आलं! साजरं दिसून राह्यलं आता. चेहरे किती गोरे झाले बाप्पा!"

बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी भिंतीवर बोटाच्या पेराने दोनदा ठोकलं. त्यांची ही रीतच असावी, कारण पलीकडून लगेच उत्तर आलं, "बातम्या राहू द्या आता. ते सिरेल लावा." बाबांनी प्लास्टिकच्या पिशवीवरून बटण दाबलं. दोन्ही घरांत चॅनेल बदललं.

मी कापूस पुन्हा गंजीला लावत होतो तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. नव्या टीव्हीला ते वीसपट ठिपके भरायला किंचित वेळ लागतो आणि आवाजही ती तेवढाच रोखून धरते. जुन्या टीव्हीत हा प्रकारच नसतो, आलं की दाखवलं. त्यामुळे प्रत्येक संवाद आधी भिंतीपलीकडून यायचा आणि लगोलग आमच्या टीव्हीतून, एकच वाक्य दोनदा, दुसरं पहिल्याच्या टाचेवर पाय ठेवत. मला ते कानाला खुपायला लागलं. बाबांना सवय असावी. त्यांनी खुर्ची भिंतीकडे थोडी सरकवली, रिमोट उचलला आणि आमचा आवाज पूर्ण बंद केला. चित्र आमचं चालू राहिलं, आवाज मोठ्याईकडचा. ती मधेच कोणत्या तरी वाक्यावर खुदकन हसली, आणि बाबा पडद्यावरची नजर न हलवता म्हणाले, "थोडा मोठा करा, वहिनी."